पन्नाशीनंतर हार्मोन्सची इंजेक्शनं: कोणी घेतली आहेत का?

कचराळीचा_फेरीवाला | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, वय ५६, मुक्काम ठाण्यातली पाचपाखाडी. कचराळी तलावाला रोज सकाळी फेऱ्या मारतो, म्हणून हे नाव. फेऱ्या मारूनही पोट ९८ सेंटिमीटर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ आणि स्टेशनचा पूल चढताना हल्ली कठडा धरावासा वाटतो.

मागच्या रविवारी मेहुण्याच्या सोसायटीत, घोडबंदर रोडला, एका क्लिनिकचं व्याख्यान होतं. विषय 'वय उलटं फिरवा'. सूटबूट, प्रोजेक्टर, शेवटी ढोकळा. पडद्यावर तीन रेघा: ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतलं डीएचईए. तिन्ही पंचविशीपासून सत्तरीपर्यंत उतरत जातात. "या रेघा खाली जातात म्हणून तुम्ही म्हातारे होता. आम्ही त्या वर नेतो." पॅकेज सव्वा लाखाचं. त्यात सहा महिने ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं, टेस्टोस्टेरॉनचं जेल, डीएचईएच्या गोळ्या आणि महिन्याला एक व्हिटॅमिनची सलाईन. हप्त्यांची सोय आहे. माझं रक्तही तपासलं त्यांनी.

खरं सांगतो, ऐकताना बिनतोड वाटलं. बायको म्हणते, त्या पैशात बाथरूमची गळती काढू. क्लिनिकचं नाव विचारू नका, देणार नाही. पण यात तथ्य किती? आणि हे नाही तर मग नेमकं काय करायचं? 'चाला, कमी खा' एवढंच सांगणार असाल तर ते ऐकून कान किटलेत.

तलावपाळीचं_बदक | शनिवार, रात्री १०:३१

सव्वा लाख भरून तिशीत जायचं म्हणजे पुन्हा सकाळच्या फास्ट लोकलला लटकायचं. आपल्याला नाही जमणार. शिवाय ६५ ला मिळायची एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत लांबेल ती वेगळीच.

बाकी वाचतोय. जाणकार येतीलच.

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी ७:०५

उभी नोकरी लॅबमध्ये हार्मोन्सच्याच तपासण्या करण्यात गेली, आता निवृत्त. डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट आहे, तेव्हा माझ्या लिहिण्याला प्रिस्क्रिप्शन समजू नये.

फेरीवाले, त्या तिन्ही रेघा खऱ्या आहेत. खोट आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. निवृत्तीनंतर माणसाची मिळकत घटते, पण खात्यात पैसे भरले म्हणून तो पुन्हा पस्तिशीचा होत नाही. दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. ते प्रयोग करूनच बघावं लागतं. आणि प्रयोग झालेले आहेत, भरपूर झालेले आहेत.

या धंद्याचा मूळपुरुष ब्राउन-सेकार. मोठा शरीरशास्त्रज्ञ, ऐरागैरा नव्हे. १८८९ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी त्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसच्या सभेत सांगितलं की अंगात पुन्हा जोम आला. पाण्यात काढलेल्या तसल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे जोम आला तो मनातून. तरी त्या काळी अर्काची विक्री धो-धो झाली.

ग्रोथ हार्मोनची लाट आली १९९० नंतर. अमेरिकेत डॅनियल रुडमन यांनी ६१ ते ८१ वयोगटातल्या १२ पुरुषांना सहा महिने इंजेक्शनं दिली. चरबी १४ टक्क्यांच्या आसपास घटली, चरबी सोडून उरलेलं वजन जवळपास ९ टक्क्यांनी वाढलं. तुमच्या व्याख्यानात एखादी स्लाइड याच अभ्यासाची असणार, पैज लावतो. पण चरबी सोडून उरलेल्या वजनात शरीरात साठलेलं पाणीही मोजलं जातं. १९९६ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांवर अशीच चाचणी झाली. तिथेही चरबी घटली, मांस वाढलेलं दिसलं, पण ताकद मोजली तर ती होती तिथेच. वर अशा चाचण्यांत दिसलेले त्रास: पायांना सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबून हाताला मुंग्या, आणि रक्तातली साखर वर. तुमचं एचबीए१सी ६.१, म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे. तुम्हाला हे इंजेक्शन म्हणजे पैसे मोजून विकतचं दुखणं.

आता गंमत बघा. इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम असलेल्या लोकांची वस्ती आहे. त्यांच्या शरीरात ग्रोथ हार्मोन असतं, पण शरीर त्याला दादच देत नाही, त्यामुळे उंची फार कमी राहते. वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवल्यावर दिसलं की त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह अगदी क्वचित. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच ग्रोथ हार्मोन नसतं ते तर इतर उंदरांपेक्षा बरेच जास्त जगतात. रेघ वर नेली की आयुष्य वाढतं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

डीएचईएचं थोडक्यात: मेयो क्लिनिकच्या श्रीकुमारन नायर यांनी वयस्क स्त्री-पुरुषांना दोन वर्षं दिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले. रक्तातली पातळी छान वर गेली. ताकद, दम, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, एकूण बरं वाटणं, यात काही फरक नाही.

वाढ खुंटलेली मुलं, किंवा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेले लोक, यांना ग्रोथ हार्मोन हे औषधच आहे आणि ते द्यायलाच हवं. पण निव्वळ वय झालं म्हणून देण्यासाठी ते विकणं अमेरिकेत बेकायदा आहे.

तलावपाळीचं_बदक | रविवार, सकाळी ७:४०

वाचनखूण साठवली. ढोकळा मात्र फुकट होता ना?

नेरुळ_पूर्व | रविवार, सकाळी ११:२०

सूक्ष्मदर्शी काका, लिहिलंय ते पटलंच. पण हे वाचून उद्या एखादा नवरा घरी सांगेल की हार्मोन्स म्हणजे सगळं थोतांड. सगळे एकाच माळेचे मणी नाहीत, म्हणून लिहितेय.

माझी पाळी ४८ ला गेली. रात्री घामाने गाऊन पिळून काढावा अशी स्थिती. ऑफिसात एसीखाली बसून फाइलीने वारा घ्यायचे आणि समोरचा ज्युनिअर हसू दाबायचा. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून घरात भांडणं. 'या वयात होतंच' हे सासूबाईंपासून एका डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. शेवटी वाशीला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सगळं विचारलं, बीपी बघितलं, मॅमोग्राफी करून घेतली आणि इस्ट्रोजेनचं जेल दिलं. गर्भाशय आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी. महिन्याभरात मी माणसांत आले.

बाईंनीच समजावलं की या औषधाची भीती कुठून आली. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत १६,६०८ बायका होत्या. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या म्हणून २००२ मध्ये ती मध्येच थांबवली. जगभर बायकांनी औषधं टाकून दिली. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! पाळी जाऊन कित्येकींना दहा-पंधरा वर्षं झालेली. नंतर वयानुसार आकडे वेगळे काढले तेव्हा चित्र बदललं. साठीच्या आत असाल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि त्रास खरोखरच असेल, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, कधी गुठळी झालेली, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांना मात्र नाही.

आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ लाच जाते, पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. म्हणजे हाडं ठिसूळ व्हायलाही तेवढी आधी सुरुवात. याबद्दल कोणी क्लबहाउसमध्ये व्याख्यान ठेवत नाही.

आणि हो, मी हे तरुण दिसायला घेतलं नाही. रात्री झोप लागावी म्हणून घेतलं.

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी १२:०२

ताई, शंभर टक्के सहमत. त्रासावर उपचार करणं आणि वयावर उपचार करणं, यात फरक आहे. माझा राग दुसऱ्या प्रकारावर आहे.

वागळे_बारबेल | रविवार, दुपारी ४:१५

मी जिम ट्रेनर. टेस्टोस्टेरॉनवर दोन शब्द, कारण रोज बघतो. तिशीतली पोरं कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शनं घेतात. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं आणि शुक्राणूही घटतात. लग्नानंतर दोन वर्षांनी मग वंध्यत्वाच्या डॉक्टरकडे चकरा. कोणी आधी सांगितलेलं नसतं.

फेरीवाले काका, तुमच्या वयात खरंच कमी असू शकतं, पण ते सकाळी आठच्या सुमाराला रक्त देऊन, निदान दोनदा तपासून ठरवायचं. क्लिनिकने तुमचं रक्त किती वाजता घेतलं?

कचराळीचा_फेरीवाला | रविवार, संध्याकाळी ६:४८

संध्याकाळी पाचला. बटाटेवडा खाऊन.

सूक्ष्मदर्शी | रविवार, संध्याकाळी ७:१०

मग तो रिपोर्ट बाजूला ठेवा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरतं. पोटाचा घेर वाढला की घटतं, झोप मोडली की घटतं. २०११ मध्ये शिकागोला दहा तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्के खाली आली. वयाने ती वर्षाला साधारण एखादा टक्का घटते. आता हिशोब तुम्हीच करा. तुम्ही झोपता किती?

आणि जेलबद्दल: २०२३ मध्ये आलेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांवर पुरुष होते, सगळे खरोखर कमतरता असलेले आणि हृदयविकाराचा धोका असलेले. हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, ही चांगली बातमी. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं जास्त दिसलं. म्हणजे कमतरता सिद्ध झाली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरच्या, देखरेखीखाली घेण्याचं औषध आहे, पॅकेजमध्ये घालायचं नाही.

नौपाडा_फिजिओ | रविवार, रात्री ९:३०

'मग नेमकं काय करायचं' या प्रश्नाकडे कोणीच वळलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये वय कशामुळे दिसतं? सुरकुत्यांमुळे नाही. कमोडवरून उठताना हात टेकावा लागतो, रिक्षातून उतरताना आधी पाय बाहेर काढून मग दोन मिनिटं विचार करावा लागतो, त्यामुळे दिसतं. तिशीनंतर दर दशकात ३ ते ८ टक्के स्नायू जातात, साठीनंतर वेग वाढतो. काका, तुम्ही कठडा धरता ते हेच.

घरी करून बघा. हात नसलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला १४ तरी जमावेत, बाईला १२. तुम्ही अजून साठीचेही नाही.

चालणं चांगलंच, सोडू नका. पण चालण्याने मांडीचा स्नायू टिकत नाही, त्याला ओझं लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, जिना चढणं, पाठीवर सॅक घेऊन त्यात तांदळाची पिशवी. दर पंधरवड्याला वजन थोडं वाढवायचं. आमच्याकडे एक ७४ वर्षांच्या आजी वरणगावहून मुलाकडे राहायला आल्या, जिना टाळायच्या म्हणून खाली उतरायच्याच नाहीत. सहा-आठ महिन्यांत गडकरीला नाटकाला बाल्कनीचं तिकीट काढून बसल्या. इंजेक्शन एकही नाही.

दुसरं प्रथिनं. आपल्या आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रमाण प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम. साठीपुढच्यांना तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४. आणि आपला दिवस कसा जातो? सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ आमटी, चारला चहा-बिस्कीट, रात्री खिचडी. एवढ्यात चाळीसही गाठताना मारामार. अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, तेवढ्याच शिजलेल्या माशात २० च्या पुढे. जांभळी नाक्यावरून मटकी आणा, मोड आणा, वाटीभर उसळ दोन्ही वेळेला. मासे खात असाल तर सुकट, बोंबील, मांदेली आहेतच. आमच्या आगरी पेशंटना हे सांगावंच लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

दोन_वेळा_जेवणारा | रविवार, रात्री १०:०४

एवढं वजन-प्रथिनं कशाला? दीक्षित सरांची पद्धत धरा. दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. सगळ्या हार्मोन्सचा राजा इन्सुलिन, तो शांत ठेवला की बाकी आपोआप. माझं ११ किलो वजन उतरलं.

नौपाडा_फिजिओ | रविवार, रात्री १०:२६

दादा, अभिनंदन, मनापासून. पोट सुटलेल्या, साखर काठावर असलेल्या पन्नाशीच्या माणसाला चारचा चहा-बिस्कीट सुटणं हाच मोठा फायदा. प्रश्न एवढाच की त्या ११ किलोंत चरबी किती आणि मांडी किती? वजन उतरवताना ओझं उचललं नाही आणि प्रथिनं घेतली नाहीत तर मांडीही जाते. मुळात सडपातळ असलेल्या सत्तरीच्या आजोबांना दोनच जेवणं आणि त्यात आमटी-भात, हे मी तरी करू देणार नाही.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सकाळी ६:५०

कमी खाण्याने आयुष्य वाढतं हे मॅके यांनी १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात उंदरांवर दाखवलं. माणसांवर दोन वर्षांची कॅलेरी नावाची चाचणी झाली. २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, लोकांना जमलं सुमारे १२. तेवढ्यानेही रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सुधारलं. आयुष्य वाढतं का, हे दोन वर्षांत कळणार नाही. आणि त्यातले लोक सगळे पन्नाशीच्या आतले निरोगी होते, सत्तरीचे नव्हते.

भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा ८०. फेरीवाले, तुम्हाला आठ उतरवायचे आहेत. दोन जेवणांनी उतरवा नाहीतर तीन जेवणांनी.

वैद्य_उपवन | सोमवार, दुपारी १:१५

आमच्या शास्त्राचं कोणी नावही घेतलं नाही! आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन हे एक स्वतंत्र अंगच आहे, जरा-व्याधी दूर ठेवण्यासाठी. च्यवनप्राशाची कथा सर्वांना पाठ असते, पण आचार रसायन कोणाला माहीत नसतं. राग आवरणं, मद्य टाळणं, झोपेच्या आणि जागरणाच्या वेळा सांभाळणं, दूध-तूप नेमाने घेणं. हेही रसायनच, आणि त्याला डबी लागत नाही. डबीवाल्यांबद्दल एक सांगतो, आपल्याच बाजूचं असलं तरी: अश्वगंधा मनाने वर्षानुवर्षं घेऊ नका. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच जपा.

तलावपाळीचं_बदक | सोमवार, दुपारी १:३२

मद्य टाळणं?? धागा इथेच बंद करावा अशी संपादकांना विनंती.

कोलशेतची_लेक | सोमवार, रात्री ८:४५

आईबद्दल लिहिते, ७८ वर्षं. पाय दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून कोणीतरी ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पाकिटं दिली. आठवड्याला एक, आठ आठवडे, असं असतं ना? ती वर्षभर घेत राहिली. दुधातून, मसाला घालून. मग मलावरोध, उलट्या, बोलताना गोंधळ. आम्हाला वाटलं विसरभोळेपणा सुरू झाला. रक्तात कॅल्शियम खूप वाढलेलं निघालं. सलाईन लावून, पाकिटं बंद करून आठवड्यांनी पूर्वपदावर आली.

आता तिचा टीएसएच, थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ६.४ आलाय. एक डॉक्टर म्हणतात थायरॉइडची गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात थांबा. सूक्ष्मदर्शी काका?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ९:२०

ड हे नावाला जीवनसत्त्व, वागणूक हार्मोनचीच, आणि चरबीत साठून राहतं. कमतरता आपल्याकडे खरी आहे, ऊन असूनही, कारण आपण उन्हात नसतोच. कमतरता असेल तर द्यावं. पण भरलेल्या भांड्यात ओतून काही मिळत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांना रोज २००० युनिट देऊन बघितलं. कर्करोग, हृदयविकार, अस्थिभंग, काही कमी झालं नाही.

टीएसएच वयाबरोबर थोडा चढतोच. टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल असेल तर ६.४ ला घाई नसते. पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवर २०१७ मध्ये चाचणी झाली. अशा काठावरच्या टीएसएचला गोळी दिली, आकडा खाली आला, थकवा मात्र होता तसाच. गोळी जास्त झाली तर छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांशी नीट बोला. निर्णय त्यांचा.

कचराळीचा_फेरीवाला | मंगळवार, रात्री १०:०५

सर्वांचे आभार. क्लिनिकचा काल फोन आला, ऑफर बुधवारपर्यंतच आहे म्हणे. नको सांगितलं. मग पंच्याऐंशी हजारात देतो म्हणाले. तेव्हाच खात्री पटली.

खुर्चीची परीक्षा दिली: ११. मुलगा हसला, त्याला करायला लावली, २६ काढल्या शहाण्याने. झोप पाच तास, सूक्ष्मदर्शींनी विचारलं होतं. रात्री एकपर्यंत मोबाइल, सकाळी सहाला गजर. मोबाइल आता हॉलमध्ये चार्जिंगला लावतो. बाथरूमवाल्याला गुरुवारी बोलावलंय.

शनिवारी सकाळी उपाशीपोटी दोघांचंही रक्त द्यायला जातोय: साखर, टीएसएच, ड, बी१२, माझं टेस्टोस्टेरॉन. आणखी काही सांगायचं असेल तर सांगा.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री १०:१८

वहिनी केसांसाठी काही गोळ्या घेतात का?

कचराळीचा_फेरीवाला | मंगळवार, रात्री १०:२१

हो, केस गळतात म्हणून बायोटिन. डबीवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री १०:३०

बऱ्याच मशीनांच्या तपासणीतच बायोटिन वापरलेलं असतं. गोळीतलं बायोटिन रक्तात असलं तर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, आणि धडधाकट बाईला थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसतो. आजपासूनच बंद करायला सांगा, शनिवारपर्यंत तीन दिवस पुरेत. आणि रक्त घेणाऱ्या मुलाला सांगून ठेवा, तो फॉर्मवर लिहील. तुमची सुई आठच्या आत टोचून घ्या, गर्दी असली तर टेस्टोस्टेरॉनची नळी आधी काढायला सांगा.

नौपाडा_फिजिओ | मंगळवार, रात्री १०:४१

११ कमीच काका, पण वाढतील. बुधवार-शनिवार करा, सोसायटीच्या जिन्याने दोन मजले जोडीला. रक्त दिल्यावर बटाटेवडा नको, दोन उकडलेली अंडी खा.

तलावपाळीचं_बदक | मंगळवार, रात्री १०:४४

मी ९. कोणाला सांगू नका.